कोऱ्या बाटलीतलं आयोडीन

मामानं बावीस वर्षांत त्या तळ्यातले अकरा हजार चारशे मासे पकडले होते आणि त्यांतला एकही खाल्ला नव्हता.

खायची सोयच नव्हती. बावीस वर्षांपूर्वी तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या अणुभट्टीची एक टाकी गळली आणि गळती सापडेपर्यंत तीन दिवस टाकीतलं पाणी तळ्यात गेलं. अणुभट्टी बंद झाली, तळ्याभोवती तारेचं कुंपण आलं आणि कुंपणाच्या आत एक प्रयोगशाळा आली. प्रयोगशाळेला मासे पकडणारा माणूस हवा होता. मामा तळ्यावरचा नावाडी, आणि तळंच बंद झाल्यामुळे तसा मोकळाच होता. तेव्हापासून तो पाण्याच्या बाटल्या भरायचा, शिंपले खरवडायचा, मासे पकडायचा, त्यांचं वजन-लांबी लिहायचा आणि पिशवीत घालून आत द्यायचा. आत मासा वाळवायचे, जाळायचे, राख डबीत भरायचे आणि डबी मोजायचे. मामाच्या मते माशाची याहून मोठी नासाडी करणं माणसाला शक्य नव्हतं.

गेली चार वर्षं ही मोजणी भाची करत होती. ती मामाच्या बहिणीची मुलगी. तिला स्वतःचं नाव होतं, पण मामा तिच्या आधीपासून तिथे असल्यामुळे पहिल्या दिवशी तो तिला "ही माझी भाची" म्हणून घेऊन गेला आणि विषय तिथेच संपला. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईसुद्धा कार्यालयीन पत्रात 'भाचीकडून अहवाल मागवावा' असं लिहायच्या.

तळ्याची हकीकत भाचीला तोंडपाठ होती. टाकीतून आलेलं सिझियम माशांच्या मांसात शिरलं आणि स्ट्रॉन्शियम हाडांत शिरलं, कारण माशाच्या शरीराला स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांत फरक करता येत नाही. ते जे येईल ते कॅल्शियम समजून घरात घेतं. लहान माशांनी शेवाळ खाल्लं, मोठ्यांनी लहानांना खाल्लं आणि प्रत्येक पंगतीला आकडा वाढत गेला. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांनी तर सगळं साठवूनच ठेवलं. पहिली चार वर्षं गोगलगाईंची अंडी कमी झाली आणि काही पिलांची पाठ वाकडी निघाली. गावातल्या लोकांना तीन डोळ्यांचा मासा हवा होता, तो काही मिळाला नाही. एकानं मामाला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "निदान दोन शेपट्यांचा?" मामा म्हणाला होता, "असता तर मी लपवला असता. तुमच्यासारखे बघायला आले असते."

मग हळूहळू सिझियम चिखलात बसलं, त्यावर नवा गाळ बसला, आणि माणसं येत नसल्यामुळे तळ्याचं चांगलंच फावलं. बगळे वाढले, पाणमांजरं आली, गोगलगाई पुन्हा कामाला लागल्या. 'या तळ्यातील सजीवांना किरणोत्सर्गापेक्षा माणसाचा त्रास अधिक होत असावा' असं एक वाक्य बाईंनी अहवालात घातलं होतं. वरच्या कार्यालयानं ते खोडलं आणि समासात 'वैयक्तिक मत' असं लिहून परत पाठवलं.

तळं उघडायचा नियम साधा होता. सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ निघाल्या की कुंपण निघणार. एकही फेरी बिघडली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन फेऱ्या स्वच्छ निघाल्या होत्या. तिसरी या महिन्यात होती, आणि मामाही याच महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होता. त्यानंतर त्याला कुंपणाच्या आत पाय ठेवता येणार नव्हता. आपल्या हातानं तिसरी फेरी करायची, तळं उघडलं की एक मासा पकडायचा आणि तो घरी न्यायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बावीस वर्षांत त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं. त्यामुळे मागायची सवय नसल्यासारखा तो हे सारखं सारखं सांगायचा.

पण घरी मामाचं काहीतरी बिनसलं होतं.

तो बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. दोन आठवड्यांपासून त्यानं मीठ सोडलं होतं. आईनं हे मनाला लावून घेतलं. "तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आता एकदम मीठ जास्त होतं म्हणे," ती भाचीला म्हणाली. "निवृत्तीचा ताण बाईमाणसाच्या स्वयंपाकावर काढतात."

"रक्तदाब असेल गं."

"मग तसं सांगावं. नुसतं ताट सरकवायचं आणि 'अळणी नाहीये का काही?' विचारायचं, ही कुठली पद्धत?"

गुरुवारी मामा दात दाखवायला म्हणून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला. आला तो थेट वरच्या खोलीत. तेव्हापासून तो जेवायला खाली येत नव्हता, आईनं ताट जिन्याच्या सहाव्या पायरीवर ठेवायचं आणि ती खाली गेल्यावर त्यानं उचलायचं. दिवसभर लिंबाच्या आंबट गोळ्या चघळायचा, म्हणजे दाताचं सोंग तिथेच उघडं पडायला हवं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. संडासात दोन-दोनदा पाणी सोडायचा. आणि नऊ वर्षं त्याच्या मांडीवर झोपणाऱ्या मांजराला त्यानं वहाण दाखवून हाकललं. मांजर जिन्याच्या खाली येऊन पाठ फिरवून बसलं, ते उठेना.

"रुसलाय," आई म्हणाली.

"कोण, मामा की मांजर?"

"दोघंही. पण मांजराला कारण आहे."

शनिवारी तिसरी फेरी झाली. मामा एकटाच होडी घेऊन गेला, नेहमीच्या नऊ जागांवरून नऊ बाटल्या भरून आणल्या, वर दहावी कोरी बाटली. कोरी बाटली म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्याची. ती होडीतून नुसती फिरायला जायची आणि परत यायची. काही गडबड झालीच तर ती तळ्याची की आपली, हे तिच्यावरून कळतं. बावीस वर्षांत तिच्यात कधीच काही निघालं नव्हतं, म्हणून ती सगळ्यात शेवटी मोजायची पद्धत पडली होती.

सोमवारी सकाळी भाचीनं पहिली बाटली शिशाच्या पेटीत ठेवली. पेटीच्या आतलं यंत्र पडद्यावर आलेख काढतं आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरलेल्या जागी एक टेकडी उभी करतो. सिझियमची टेकडी कुठे असते हे भाचीला झोपेतही सांगता आलं असतं. ती अगदी बुटकी, मर्यादेच्या कितीतरी खाली होती. भाचीनं हसून चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. पडद्याच्या डावीकडे, जिथे बावीस वर्षांत सपाट मैदान होतं, तिथे एक उंच टेकडी उभी होती.

आयोडीन.

तिनं दुसरी बाटली ठेवली. पुन्हा आयोडीन. तिसरी, चौथी, सगळ्यांचा आकडा चाळिसाच्या आसपास.

ती बाईंच्या खोलीत गेली. बाई खुर्चीत ताठ बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. त्या कुठल्याही बातमीनं पेन्सिल थांबवत नसत.

"बाई, तळ्यात आयोडीन आहे."

"शक्य नाही. ते आठ दिवसांत निम्मं होतं. बावीस वर्षांपूर्वीचं आज एक कणही उरणार नाही."

"म्हणजे नवीन आहे."

पेन्सिल थांबली. "नवीन आयोडीन चालू अणुभट्टीतून येतं," बाई म्हणाल्या. "आणि आपली बंद आहे. म्हणजे ती कुणीतरी गुपचूप चालवतंय."

"गुपचूप अणुभट्टी कशी चालवतील, बाई?"

"ते त्यांनाच विचारू."

बाईंनी बंद अणुभट्टीच्या कार्यालयाला तातडीचं पत्र पाठवलं: 'आपण अणुभट्टी सुरू केली आहे काय? असल्यास केव्हापासून?' तिथे आता फक्त एक पहारेकरी उरला होता. तासाभरात त्याचं उत्तर आलं: 'माझ्याकडे गेटची किल्ली आहे. अणुभट्टीची किल्ली मागच्या साहेबांनी नेली. माझ्याकडून काही सुरू झालेलं नाही. पंखासुद्धा बंद आहे.'

"प्रामाणिक वाटतोय," बाई म्हणाल्या. "पण आकडा आकडा असतो. संध्याकाळपर्यंत अहवाल दे. तिसरी फेरी नापास."

भाची पेटीपाशी परत आली. म्हणजे आणखी किमान दीड वर्ष. मामा महिनाअखेरीला घरी बसणार आणि कुंपण तसंच राहणार. हे त्याला सांगायचं कसं, याचा विचार करत तिनं केवळ पद्धत म्हणून कोरी बाटली आत ठेवली.

ब्याऐंशी.

ती आकड्याकडे बघत राहिली. शुद्ध केलेलं पाणी तळ्याच्या दुप्पट खराब होतं. तळ्यातलं पाणी वाईट असू शकतं, पण तळ्यात न पडलेलं पाणी त्याहून वाईट असणं म्हणजे आगाऊपणा होता. तिनं बाटली ओतून रिकामी केली, आतून तीनदा धुतली, रिकामीच पेटीत ठेवली. ब्याऐंशी. मग कपाटातली एक नवी करकरीत बाटली ठेवली. शून्य.

दोन्ही बाटल्या तिनं शेजारी-शेजारी ठेवल्या. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या. फरक एवढाच, की एकीवर लेबलं होती. आणि कोरीवर एक नाही, दोन लेबलं होती, एक क्रमांकाचं आणि एक 'कोरी' असं लिहिलेलं. बाकीच्या नऊ बाटल्यांवर एकेक.

भाचीनं एक लेबल नखानं सोललं आणि नुसतं लेबल पेटीत ठेवलं. एक्केचाळीस.

आता या लेबलांचंही सांगायला हवं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा कुणीतरी तीन हजारांच्या जागी तीन लाख लेबलं मागवली होती, मागे डिंक असलेली, ओली करून चिकटवायची. ती संपल्याशिवाय नवीन घ्यायची नाहीत असा स्टोअरकीपरचा दंडक होता. स्टोअरकीपरला सगळे कुलूप म्हणायचे. लेबलं ओली करायला पूर्वी एक स्पंज होता. तो झिजत-झिजत नऊ वर्षांपूर्वी संपला. कुलूप म्हणाला, जुना स्पंज जमा करा, नवा देतो. पण जुना स्पंज उरलाच नव्हता, तेव्हा जमा काय करणार? पत्रव्यवहार झाला. 'स्पंज नष्ट झाल्याचा पुरावा म्हणून स्पंज सादर करावा' इथपर्यंत तो आला आणि थांबला. तेव्हापासून मामा लेबलं जिभेनं ओली करत होता, नऊ वर्षं, प्रत्येक लेबल सारख्याच मायेनं.

मीठ, दात, सहावी पायरी, आंबट गोळ्या, मांजर. भाचीनं किरणोत्सर्ग मोजायचा, खिशात मावणारा काउंटर उचलला आणि जेवणाच्या सुट्टीत घर गाठलं.

वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मामा खिडकीपाशी खुर्चीत बसून गोळी चघळत होता. दारातच काउंटर कटकट करू लागला.

"तिथेच थांब," मामा म्हणाला. "दोन मीटर."

"दाताचं काय म्हणाले?"

"कुठल्या दाताचं?"

"तेच विचारतेय."

भाचीनं हात लांब करून काउंटर त्याच्या गळ्याच्या दिशेला धरला. कटकट एवढी वाढली की वेगवेगळी ऐकू येईना. मामानं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"गळ्यातली ग्रंथी," तो शेवटी म्हणाला. "फार जोरात चालायला लागली होती. छातीत नुसती धडधड. डॉक्टर म्हणाले, किरणोत्सर्गी आयोडीनची एक गोळी, ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि शांत होते. उरलेलं काही दिवस लघवीतून, थुंकीतून बाहेर पडत राहतं, म्हणून या आंबट गोळ्या. त्यासाठी आधी मीठ बंद, मिठात आयोडीन असतं. तुझ्या आईला आता काय सांगणार?"

"एवढंच सांगायचं होतं. ती रोज रात्री माझ्याजवळ मिठावर भाषण देते."

"सांगितलं असतं तर ती तुला बोलली असती, तू बाईंना, आणि गोळी घेतलेल्या माणसाला तीस दिवस कुंपणाच्या आत बंदी. फेरी शनिवारी. गुरुवार सोडला तर दवाखान्याची पुढची तारीख दीड महिन्यानं." तो खिडकीबाहेर बघू लागला. "पण मी सगळी काळजी घेतली. होडीत एकटा होतो. हातमोजे घातले, एकावर एक दोन. तळ्यात साधं थुंकलोसुद्धा नाही."

"लेबलं कशानं ओली केलीस, मामा?"

मामा बोलायला तोंड उघडून तसाच राहिला. गोळी बाहेर पडायची बाकी होती.

"जिभेला मोजा मिळत नाही," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "काय निघालं?"

"दहाही बाटल्यांत आयोडीन. फेरी नापास. खरं कारण लिहिलं तर तुझ्यावर कारवाई. नाही लिहिलं तर तळं बंद." भाची उंबऱ्यावरच बसली. "आकडा खोटा लिहिता येणार नाही मला."

"खोटा कशाला लिहायचा? लिही की. मामानं चाटलं म्हणून." त्याचा आवाज अगदी सरळ होता. "बावीस वर्षं ते तळं बिचारं धुऊन-पुसून घेतंय स्वतःला. आता माझ्या जिभेपायी त्याच्यावर आळ नको."

"आणि तुझा मासा?"

"मासा काय, अकरा हजार चारशे वेळा नाही खाल्ला. सवय आहे."

संध्याकाळी भाचीनं अहवालाचा तक्ता भरला. 'दूषिततेचा स्रोत: पाणी / गाळ / हवा / उपकरण / इतर (स्पष्ट करा).' तिनं 'इतर'वर खूण केली आणि पुढे 'मामा' असं लिहिलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "नातं चालत नाही. पद लिही."

"नमुना गोळा करणारा कर्मचारी."

"कर्मचाऱ्याची चूक असेल तर फेरी पुन्हा घेण्याची नियमात तरतूद नाही," बाई म्हणाल्या. "फक्त उपकरण बिघडलं तर आहे." त्या थोडा वेळ पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत राहिल्या आणि मग त्यांनी कुलूपाला बोलावलं. "लेबलं ओली करायचा स्पंज कुठल्या यादीत आहे?"

कुलूपानं वही न उघडता सांगितलं, "उपकरणं. क्रमांक एकशे सतरा. नऊ वर्षं थकीत."

"त्याच्या जागी नऊ वर्षं काय वापरलं जातंय?"

"जीभ."

"उपकरणाच्या जागी जे वापरलं जातं, ते काय?"

कुलूप विचारात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेत बोलत होतं. "उपकरणच म्हणायचं," तो म्हणाला. "पण मग नोंद करावी लागेल. आणि निवृत्तीच्या वेळी जमा करून घ्यावी लागेल."

"जीभ?"

"नियमच आहे."

"निकामी झाली असं लिहा आणि यादीतून काढा," बाई म्हणाल्या. "आणि नवा स्पंज द्या. भाची, लिही: उपकरण क्रमांक एकशे सतरामध्ये बिघाड, फेरी पुन्हा घ्यावी. मामाला तीस दिवस कुंपणाबाहेर ठेवा. त्याला म्हणावं, मी रागावले आहे. राग लेखी देणार नाही."

मामाच्या नोकरीचे सव्वीस दिवस उरले होते. म्हणजे तो आता आत येणारच नव्हता, आणि होडी भाचीला चालवावी लागणार होती. भाचीला पाण्यातल्या सगळ्या गोष्टी मोजता यायच्या, पण पाण्यावर काहीच करता यायचं नाही.

बुधवारी सकाळी मामा कुंपणाबाहेर टेकाडावर उभा राहिला, सगळ्यांपासून दोन मीटर अंतर राखून, हातात भोंगा घेऊन.

"डावं वल्हं मार," भोंगा म्हणाला. "तुझं डावं. ते उजवं आहे."

होडी जागच्या जागी गोल फिरली. काठावरचे बगळे उडाले नाहीत, नीट दिसावं म्हणून थोडे पुढे आले.

"जोर लावू नकोस. पाणी ढकलायचं नाही, पाण्याला टेकायचं. हां. आता परत डावं. अगं, डावं म्हणजे घड्याळाचा हात."

"मी घड्याळ घातलेलं नाही," भाची ओरडली.

"मग उद्यापासून घाल."

नऊ जागांना तीन तास लागले. सातव्या जागेवर भोंग्याची बॅटरी संपली आणि मामा हातवारे करू लागला. लांबून तो मधमाश्या मागे लागल्यासारखा दिसत होता, पण भाचीला सगळं कळलं. बाटल्या काठावर आणल्यावर कुलूप स्वतः स्पंज घेऊन आला. स्पंजाला क्रमांकाचा बिल्ला होता आणि साखळी होती. साखळीचं दुसरं टोक त्यानं हातात धरून ठेवलं होतं.

भाचीनं या खेपेला सगळ्यात आधी कोरी बाटली मोजली. शून्य. मग एकेक करून नऊ. आयोडीनच्या जागी सपाट मैदान आणि सिझियमची बुटकी टेकडी, गेल्या दोन फेऱ्यांपेक्षा केसभर बुटकीच. तिनं दोनदा तपासलं, चहा प्यायली, तिसऱ्यांदा तपासलं आणि खिडकी उघडून टेकाडाच्या दिशेनं दोन्ही हात वर केले. टेकाडावरचा माणूस काही वेळ नुसता उभा राहिला. मग खाली बसला आणि त्यानं खिशातून एक आंबट गोळी काढली.

शिंपले आणि मासे यथावकाश भाजले गेले, मोजले गेले, पास झाले. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला कुंपणाचं गेट उघडलं. मामा पहाटेपासून रांगेत पहिला होता. त्याला निवृत्त होऊन दहा दिवस झाले होते, त्यामुळे मासेमारीचा परवाना त्यालाही घ्यावा लागला. कुलूपानं परवान्यावर लेबल चिकटवलं, स्पंजानं. मामानं त्या स्पंजाकडे हेव्यानं पाहिलं.

पाऊण तासात त्याच्या गळाला मासा लागला. त्यानं तो काढला, वजन केलं, लांबी मोजली, पिशवीत घातला आणि सवयीनं प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढू लागला. भाचीनं त्याला दारातून परत फिरवलं.

"मामा, हा खायचाय."

"हो की," मामा म्हणाला आणि पिशवी उलटसुलट करून बघत बसला.

घरी आईनं मासा तळला. तिला सगळं कळून आता महिना होत आला होता. त्यात ती एक आठवडा रागावली, एक आठवडा रडली आणि मग तिनं शेजारीपाजारी सांगायला सुरुवात केली, की मिठाचं कारण वैद्यकीय होतं. मामा खाली, सगळ्यांबरोबर जेवायला बसला. मांजरानं दहा मिनिटं विचार केला आणि त्याच्या मांडीवर चढलं.

मामानं पहिला घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो सावकाश चावत राहिला, बावीस वर्षांचा हिशेब लागावा इतका सावकाश.

"काय?" आईनं विचारलं. "कसा लागतोय?"

"चिखलाचा वास आहे," मामा म्हणाला आणि दुसरा घास घेतला. "काटेही फार आहेत." तिसरा घेतला. "आणि जरा मीठ कमी पडलंय."

आई उठली, मिठाची बरणी आणून तिनं त्याच्या ताटाशेजारी दणकन ठेवली आणि झाकण स्वतःच काढलं. मामानं चिमूट नाही, मूठ घेतली. ताट स्वच्छ झालं. काटे मात्र भाचीनं उचलून पिशवीत घातले, स्ट्रॉन्शियमसाठी, आणि लेबल ओलं करायला ती पाण्याचा पेला शोधू लागली.

"दे इकडे," मामा म्हणाला आणि जीभ बाहेर काढली.